लुआंग्वा खोऱ्यात जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झांबियाला जाऊन आल्यापासून नातेवाईक, ऑफिसातली मंडळी आणि ताडोबाच्या वाऱ्या करणारे मित्र तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकलेलं बरं. प्रश्न त्यांचे आहेत, मतं माझी आहेत.

हे लुआंग्वा नेमकं आहे कुठे?

झांबियाच्या पूर्व भागात. लुआंग्वा नदी ईशान्येकडे, मलावीच्या सीमेजवळच्या माफिंगा डोंगरात उगम पावते, नैर्ऋत्येला जवळपास पावणेआठशे किलोमीटर वाहते आणि झांबेझीला मिळते. त्या संगमावर उभं राहिलं की समोर झिंबाब्वे आणि मोझांबिक दोन्ही दिसतात. पूर्व आफ्रिकेतल्या प्रसिद्ध खचदरीचाच हा एक फाटा. खोऱ्याच्या पश्चिमेला मुचिंगाचा कडा उभा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणाकडे पाहताना जसं वाटतं, तसंच या कड्यावरून खाली पाहताना वाटतं. फक्त खाली समुद्र नाही, अंतच नसलेलं रान आहे.

खोऱ्यात चार राष्ट्रीय उद्यानं आहेत: दक्षिण लुआंग्वा, उत्तर लुआंग्वा, लुआंबे आणि लुकुसुझी. पर्यटक जातात ते मुख्यतः दक्षिण लुआंग्वात. त्याचं क्षेत्रफळ ९,०५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं. १९३८ पासून ते शिकारबंदीचं राखीव क्षेत्र होतं, १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पुढचं सगळं याच उद्यानाबद्दल आहे.

केनियाचं मसाई मारा सोडून इतक्या आडबाजूला का जायचं?

मारा सोडू नका, तेही बघा. पण लुआंग्वाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे सगळा कारभार नदीचा आहे. तिच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. न्देवू घळीत धरण बांधायचा एक प्रस्ताव होता, तो २०१९ मध्ये सरकारने बाजूला ठेवला. त्यामुळे पावसाळ्यात नदी वाट्टेल तशी फुगते, काठ खाते, झाडं ओढून नेते आणि मधूनच जुनं वळण टाकून नवीन धरते. टाकलेल्या वळणांची चंद्रकोरीसारखी तळी होतात. नदी आटली तरी या तळ्यांत पाणी राहतं आणि जनावरं तिथे गोळा होतात. मागच्या दौऱ्यात पाहिलेला काठ पुढच्या दौऱ्यात जागेवर असेलच असं नाही. आमचा गाइड एका ठिकाणी पाण्याच्या मधोमध बोट दाखवून म्हणाला होता, "आमचं जेवणाचं टेबल इथे असायचं."

शिवाय गर्दी नाही. बिबट्याभोवती वीस गाड्या असा प्रकार इथे क्वचितच. मुख्य फाटकाच्या आसपास ऐन हंगामात चार-पाच गाड्या जमतात. तेवढ्यानेही तिथली जुनी मंडळी कुरकुरतात.

कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर एका ओळीत मागू नका, कारण ही एकाच जागेची तीन-चार वेगवेगळी गावं आहेत.

मे-जूनमध्ये पाऊस संपून रान अजून हिरवं असतं, हवा स्वच्छ असते. जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. "आफ्रिकेत कसली थंडी" म्हणून स्वेटर घरी ठेवणारे पहिल्याच सकाळी घोंगडीत गुंडाळून बसलेले मी पाहिलेत. दुपारी मात्र छान ऊन असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी जुलै किंवा ऑगस्ट सांगतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी आटतं, गवत वाळून जमिनीला टेकतं आणि जनावरं नदीकाठी येतात. दिसण्याच्या दृष्टीने हा सर्वोत्तम काळ. पण ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो. चंद्रपूरचा मे महिना सोसलेल्यांना नवल वाटणार नाही, फक्त तंबूत एसी नसतो हे ध्यानात घ्या. उरलेल्या डबक्यांत पाणघोडे अंगाला अंग लावून पडलेले असतात, दिवसभर भांडतात, आणि वास तर विचारूच नका. हे दृश्य सुंदर म्हणवत नाही, पण मला लुआंग्वा आठवतं ते हेच.

नोव्हेंबरच्या मध्याला पाऊस सुरू होतो आणि रानातल्या कच्च्या वाटा बंद पडतात. कारण आपल्याला समजावून सांगायची गरज नाही: खोऱ्याच्या मोठ्या भागात काळी चिकणमाती आहे, विदर्भातल्या कापसाच्या जमिनीसारखी. पहिल्या मोठ्या सरीनंतर जीपचं चाक अर्धं आत जातं. म्हणून आतल्या भागातले गवत-बांबूचे छोटे कॅम्प दर वर्षी उतरवतात आणि पाऊस सरला की नव्याने बांधतात. जानेवारी ते मार्च नदी तुडुंब असते, काही निवडक लॉज उघडे राहतात आणि पाण्याखाली गेलेल्या झाडांच्या राईतून होडीने फिरवतात. जनावरं कमी दिसतात, पण पक्षी आणि आभाळ यांच्यासाठी जाणारे याच दिवसांत जातात.

ताडोबात जीपमधून पाय खाली ठेवला तर दंड होतो. तिथे म्हणे चालत फिरवतात?

हो, आणि लुआंग्वाला जायचं मुख्य कारण माझ्या मते हेच. पायी सफारीची पद्धत रुजली ती याच खोऱ्यात. नॉर्मन कार नावाच्या वन्यजीव अधिकाऱ्याने १९५० मध्ये कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांच्याशी बोलून त्यांच्या जमिनीवर पर्यटकांसाठी कॅम्प काढला. जनावराला गोळी घालण्याऐवजी ते पाहायला आलेल्यांकडून पैसे मिळावेत आणि त्यातला वाटा गावाला जावा, ही कल्पना त्या काळात विचित्रच होती. पुढे पायी सफारीही त्यांनीच इथे सुरू केली.

चालायची रीत ठरलेली आहे. सगळ्यात पुढे उद्यान खात्याचा बंदूकधारी स्काउट, त्याच्यामागे गाइड, मग एकामागे एक पाहुणे, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. हो, चहाचं! दोन तास चालल्यावर सावली बघून तो किटली चढवतो. निघण्याआधी सूचना मिळतात: ओळ मोडायची नाही, बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही.

सिंहाच्या जवळ जाणं हा चालण्याचा हेतू नसतो. गाइड मूठभर माती सोडून वारा बघतो, वाळूतला माग दाखवतो, लीद फोडून हत्तीने रात्री काय खाल्लं ते सांगतो. हत्तीची पावलं ओल्या काळ्या मातीत रुततात आणि उन्हाळ्यात तिथे दगडासारखे कडक खड्डे होतात. पाय मुरगळण्याचा धोका सिंहापेक्षा या खड्ड्यांचा जास्त. घोट्यापर्यंतचे बूट त्यासाठीच घ्यायचे.

आमच्या पहिल्या चालण्यात सगळ्यात मोठं जनावर दिसलं ते दोनशे पावलांवरचा एकटा हत्ती. गाइडने आम्हाला वारुळामागे थांबवलं, हत्ती सोंड उंच करून वास घेत राहिला आणि मग आपल्या वाटेने गेला. जीपमधून मी त्याआधी शंभरेक हत्ती पाहिले असतील, पण त्यांच्यापैकी एकही आठवत नाही.

'बिग फाइव्ह' सगळे दिसतात का?

नाही. सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा हे ते पाच. त्यातला गेंडा दिसणार नाही. १९७०-८० च्या दशकांतल्या चोरट्या शिकारीने झांबियातले काळे गेंडे संपवले आणि १९९८ मध्ये ते देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २००३ पासून उत्तर लुआंग्वात बाहेरून आणून पुन्हा वसवलेत, दक्षिणेत नाहीत. चित्तादेखील धरून चालू नका.

बाकी सिंह, हत्ती, रानम्हशींचे मोठे कळप आहेत, आणि बिबट्यासाठी तर हे आफ्रिकेतल्या उत्तम ठिकाणांपैकी एक मानतात. रानकुत्री नशिबात असतील तर दिसतात. फक्त याच खोऱ्यात आढळणारे दोन पाहुणे आवर्जून बघा: थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ आणि कुकसनचा विल्डबीस्ट. इथल्या झेब्र्याचे पट्टेही वेगळे आहेत, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्यात तपकिरी सावली नसते.

हत्ती बघताना सुळ्यांकडे लक्ष द्या. १९६९ मध्ये इथल्या सुमारे दहा टक्के हत्तिणी सुळ्यांविना होत्या. १९८९ पर्यंत हे प्रमाण अडतीस टक्क्यांच्या आसपास गेलं. सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या आणि त्यांचीच पिलं वाढली. हस्तिदंताच्या व्यापाराचा हिशेब असा कळपाच्या तोंडावर लिहिलेला दिसतो.

रात्रीची सफारी करावी का?

नक्की. भारतातल्या बहुतेक व्याघ्रप्रकल्पांत ती मिळत नाही. दुपारी चारला निघायचं, सूर्यास्ताला नदीकाठी थांबून काहीतरी प्यायचं आणि अंधार पडला की झोतदिव्याच्या उजेडात परतायचं. रात्री आठपर्यंत उद्यानाबाहेर किंवा कॅम्पवर पोचावं लागतं. बिबट्या, जवादी मांजरं, साळिंदर आणि रात्री चरायला बाहेर पडलेले पाणघोडे दिसतात. चांगला दिवेवाला हरणांच्या डोळ्यांवर झोत धरत नाही, कारण डोळे दिपलेलं हरीण शिकाऱ्याच्या तोंडी जातं. तुमच्या गाडीत तसं होत असेल तर बेधडक सांगा.

पाणघोडे आणि मगरी कॅम्पमध्ये येतात का?

पाणघोडे येतात, कारण तंबूभोवतीचं गवत त्यांचंच जेवण आहे. उद्यानाला कुंपण नाही. रात्री तंबूतून जेवणाच्या जागी जाताना पहारेकरी सोबत असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग तंबू पंचवीस पावलांवर का असेना. तंबूत आंबा-केळी ठेवू नका. हत्तीच्या नाकाला कापडाची भिंत अडवत नाही. म्फुवे लॉज नावाच्या एका ठिकाणी रानआंब्याचं झाड अंगणात आहे, आणि फळं पिकली की नोव्हेंबरच्या सुमारास हत्तींचं कुटुंब चक्क स्वागतकक्षातून चालत झाडाकडे जातं. लॉज हत्तींच्या वाटेवर बांधलं गेलं, हत्तींनी वाट बदलली नाही.

मगरींसाठी एकच नियम: नदीकाठी पाण्याजवळ जायचं नाही. हात धुवायलाही नाही.

पक्ष्यांचं आणि झाडांचं काय?

चारशेहून जास्त जातींचे पक्षी. आपल्या वेड्या राघूचा एक गडद लाल भाऊबंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीच्या उभ्या दरडींत हजारोंनी बिळं करतो. दरड लाल होते आणि मग अचानक उडून जाते. पावसाळ्याच्या शेवटी उद्यानाच्या न्सेफू भागात पिवळ्या चोचीच्या करकोच्यांची मोठी वीण वसाहत भरते. भिगवणला चित्रबलाक पाहिले असतील तर ओळख पटेल, दोघे एकाच कुळातले.

झाडं मराठी माणसाला घरची वाटतात. गोरखचिंच भरपूर, आणि आपली चिंचसुद्धा, जी मूळची आफ्रिकेतलीच. मोपाने नावाच्या झाडाचं पान पाहून मी थबकलो: हुबेहूब आपट्याचं! दसऱ्याला खपून जाईल. पुण्या-मुंबईच्या बागांत लांबच लांब दुधीसारखी फळं लोंबणारं किगेलिया पाहिलं असेल, ते इथे नदीकाठी रानात उभं असतं आणि त्याच्या आडव्या फांद्यांवर बिबटे पहुडतात.

मुंबईहून कसं जायचं?

थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे झांबियाची राजधानी लुसाका, आणि तिथून छोट्या विमानाने तासा-सव्वातासात म्फुवे, म्हणजे उद्यानाच्या दारातलं गाव. रस्त्याने जायचं तर लुसाका ते पूर्वेकडचं चिपाटा शहर साधारण ५७० किलोमीटर आणि पुढे म्फुवेपर्यंत शंभरावर. डांबरी आहे, पण दिवस लागतो आणि अंधारात गाडी चालवू नये. चिपाटात भारतीय वंशाच्या, प्रामुख्याने गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे तिथे डाळ-मसाला शोधावा लागत नाही.

छोट्या विमानांसाठी सामान मऊ बॅगेत आणि कमी. आतल्या कॅम्पांना जोडणाऱ्या विमानांत मर्यादा बऱ्याचदा पंधरा किलोची असते. माझे मेहुणे चाकांची कडक सुटकेस घेऊन आले. ती लुसाकाला राहिली आणि चार दिवस ते माझ्या शर्टांत फिरले.

व्हिसा, लस, मलेरिया?

व्हिसाचे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी झांबियाच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पीतज्वराची लस महत्त्वाची आहे, आणि ती परतीसाठी. इथिओपिया आणि केनिया भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. त्यामार्गे येताना प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

मलेरिया खोऱ्यात बारमाही आहे. डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या सुरू करा आणि परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या. घरी आल्यावर ताप आला तर "झांबियाला गेलो होतो" हे डॉक्टरांना पहिलं वाक्य म्हणून सांगा.

कपडे कसे न्यावेत?

मातकट, खाकी, फिकट हिरवे. निळा आणि काळा टाळा, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते. तिचा चावा जीन्समधूनही लागतो आणि क्वचित निद्रारोगही पसरतो. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, झांबियात नागरिकांनी ते घालणं बेकायदा आहे.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

उत्तम होतं, फक्त बुकिंगच्या वेळीच कळवा. किराणा दूरवरून येतो, ऐन वेळी पनीर उगवत नाही. जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसूण-बटाटा नको असं स्पष्ट लिहून द्या.

लॉजवर पाश्चात्त्य पद्धतीचं जेवण असतं. पण एकदा तरी न्शिमा मागा: मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून कालवणात बुडवून खायची. सोबत इफिसाशी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. भोपळ्याच्या पाल्याची असली तर फारच छान. आईने चव घेऊन फक्त "फोडणी राहिलीय" एवढंच म्हटलं. वाळवलेले छोटे मासे दिसले तर तो कापेंटा. सुकट आवडणाऱ्यांनी सोडू नये.

खर्च किती?

दोन टोकं आहेत. उद्यानाच्या आतले छोटे कॅम्प जेवण, फिरणं, गाइड धरून माणशी रात्रीला कित्येकशे डॉलर घेतात. म्फुवे बाजूला, नदीच्या अलीकडे, तंबू ठोकायच्या जागा आणि साध्या खोल्या आहेत. तिथे राहून सफारी सुट्या घेतल्या तर खर्च बराच खाली येतो. प्राणी दोन्हीकडे तेच. पैसे वाचवायचे तर मुक्कामावर वाचवा, गाइडवर नको.

मुलं आणि आईवडील?

जीपसफारी दोघांनाही जमते. पायी सफारीला साधारणपणे बारा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. माझी आई सत्तरीची आहे; उंच जीपमध्ये चढायला तिला लाकडी पेटी ठेवून दिली, बाकी काही लागलं नाही.

मोबाइल, चार्जिंग?

म्फुवेत नेटवर्क आहे, आत नाही. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे. आतल्या कॅम्पात सौरऊर्जा, चार्जिंग जेवणाच्या तंबूत.

व्हिक्टोरिया धबधबा जोडता येईल का?

येईल, पण एक गोम आहे. धबधबा भरात असतो एप्रिल-मेमध्ये, आणि ऑक्टोबरपर्यंत झांबियाच्या बाजूला कातळच उरतो. लुआंग्वा नेमकं उलट. दोन्ही मिळवायचं तर जून-जुलै. आणि लुआंग्वाच्या रात्री कापून धबधब्याला देऊ नका. चार रात्रींपेक्षा कमी असतील तर येऊच नका, असं मी सरळ सांगतो.

तिथल्या लोकांना या सगळ्याचा काय फायदा?

हत्ती पर्यटकाला आवडतो, शेतकऱ्याला नाही. एका रात्रीत वर्षाचा मका जातो. आपल्याकडे रानडुकरांनी भुईमूग उकरलेल्या माणसाला हे पटकन कळेल. म्फुवेच्या आसपास हत्तींना हुसकायला मिरचीचा ठसका वापरतात. मिरचीचं तेल भरलेले पिंगपाँगचे चेंडू हत्तीच्या अंगावर मारायची बंदूकच आहे. तारेचे फासे हा दुसरा प्रश्न. मटणासाठी लावलेल्या फाशात सिंह आणि रानकुत्रीही अडकतात. फासे सोडून शेतीकडे वळणाऱ्यांचा माल चांगल्या भावाने घेणारी कोमॅको ही संस्था खोऱ्यात काम करते. लुसाकाच्या दुकानात 'इट्स वाइल्ड' छापाचं शेंगदाण्याचं लोणी दिसलं तर ते तिचं. मी दोन बरण्या आणल्या, आठवड्यात संपल्या.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी राजभाषा आहे, काम चालतं. पण खोऱ्यात न्यांजा बोलतात आणि दोन शब्दांनी चेहरे खुलतात. भेटल्यावर "मुली ब्वांजी", आभार मानताना "झिकोमो". हत्ती म्हणजे न्जोवू, सिंह म्हणजे म्कांगो. आणि रात्री तंबूबाहेर कुणीतरी कराकरा गवत तोडत असेल, तर पहारेकरी हळूच सांगेल, "म्वू." म्हणजे पाणघोडा. चेन लावा आणि झोपा.